खाणीच्या गावाला जाताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बंद पडलेल्या खाणींच्या गावांवर मी एक छोटा लेख लिहिला होता. ही गावं आवर्जून पाहायला जा, एवढंच त्यात म्हटलं होतं. कसं जायचं, काय पाहायचं, काय टाळायचं हे लिहायला जागा उरली नव्हती आणि वाचकांनी नेमकं तेच विचारलं आहे. मी आयुष्यभर खाणीत सर्व्हेअर होतो. जमिनीखाली कुठे किती कोरलं गेलंय याचे नकाशे काढणं हे माझं काम. त्याच नजरेनं उत्तरं देतो आहे. पत्रं बरीच मोठी होती, इथे ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त आहोत. एका जुन्या खाणीच्या गावी दोन दिवस राहायचा विचार आहे. तिथे जाऊन आलेल्या नातेवाइकांनी मात्र सांगितलं, ‘चार पडक्या भिंती आणि एक दगडमातीचा ढिगारा. अर्ध्या तासात परत याल.’ खरंच तेवढंच असतं का?

तो ढिगारा ही त्या गावातली सगळ्यात मोठी वस्तू आहे, आणि बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून उभे राहतात. त्यातला दगड न् दगड कुणीतरी खाली अंधारात फोडला, भरला, वर ओढला आणि उपयोगाचा नाही म्हणून बाजूला टाकला. तेव्हा सुरुवात ढिगाऱ्यापासूनच करा. पायथ्याशी उभं राहून, वर न चढता.

एकाच गावात ढिगारे तीन तऱ्हेचे असू शकतात. ओबडधोबड, मोठे, धारदार दगड दिसले तर तो खाणीतून निघालेला निव्वळ टाकाऊ खडक. त्याच्या जवळपास खाणीचं तोंड असणार. बारीक, एकसारखी, वाळूसारखी रेती दिसली आणि तिच्यावर गवताची काडीही नसली, तर तिथे खनिज दळून धातू वेगळा काढला जात होता. आणि काळपट, काचेसारखी चमक असलेले, वितळून गोठलेले दगड दिसले तर ती मळी. म्हणजे गावात भट्टी होती. एवढ्यावरून गावात काय काय चालत होतं याचा आराखडा तुम्हाला बांधता येतो. नॉर्वेतल्या रोरॉसला तांब्याचं काम १६४४ पासून १९७७ पर्यंत चाललं. तिथे मळीचे काळे डोंगर गावाच्या लाकडी घरांना अगदी लागून उभे आहेत. लोकांनी ते हलवले नाहीत, जपले. १९८० मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आता त्या ‘पडक्या भिंती’. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या आणि तांब्याच्या खाणींवर वाफेच्या इंजिनांची उंच दगडी घरं दिसतात. त्या घरांची एक भिंत बाकीच्या तिन्हींपेक्षा कितीतरी जाड असते. इंजिनाची अवजड तुळई त्या भिंतीवर तोललेली असायची. तिचं एक टोक घरात आणि दुसरं बाहेर, थेट खाणीच्या उभ्या विहिरीवर, म्हणजे शाफ्टवर. त्या टोकाला पंपाचा दांडा लटकलेला असे. छत गेलं, इंजिन भंगारात गेलं, तरी ती भिंत टिकते, कारण ती त्या वजनासाठीच बांधलेली असते. यातून एक सावधगिरीही शिकून घ्या. शाफ्ट असतो तो नेमका जाड भिंतीच्या समोर. फोटोसाठी मागे मागे सरकताना हे लक्षात असू द्या.

शाफ्ट एक होता की दोन, हेही विचारा. १६ जानेवारी १८६२ रोजी इंग्लंडच्या ईशान्येला हार्टलीच्या कोळसा खाणीत पंपाच्या इंजिनाची लोखंडी तुळई तुटली आणि तिचा मोठा तुकडा शाफ्टमध्ये कोसळला. खाणीला वाट ती एकच. ती बुजली आणि खाली अडकलेली माणसं गुदमरून गेली. एकूण २०४ मृत्यू, मुलंसुद्धा. त्याच वर्षी तिथे कायदा झाला की खाणीतून बाहेर पडायला किमान दोन वेगळे मार्ग हवेत. पुढे हाच नियम इतर देशांच्या कायद्यांतही आला. मी ज्या ज्या खाणीत उतरलो तिथे दुसरी वाट होती, आणि ती का होती हे मला पहिल्याच आठवड्यात एका जुन्या ओव्हरमननं, म्हणजे खाणीतल्या मुकादमानं, शिकवलं. एखाद्या गावात शेजारी-शेजारी उभे शाफ्टवरचे दोन मनोरे दिसले की मला हार्टली आठवतं.

धुराडं कुठे आहे ते बघा. भट्टी खाली दरीत आणि धुराडं पार वर माळावर, असं दिसलं तर मधल्या उतारावर नळीसारखं दगडी बांधकाम शोधा. इंग्लंडमधल्या ॲलनडेलला शिशाच्या भट्टीपासून वरच्या माळापर्यंत असे लांबच लांब धूरमार्ग बांधले होते. विषारी धूर गावापासून दूर न्यायचा हा एक हेतू. दुसरा हेतू असा की धुराबरोबर उडालेलं शिसं आणि चांदी त्या नळीच्या भिंतींवर बसायची आणि ती खरवडून परत मिळवता यायची. खरवडायला अर्थात माणसंच आत जायची. त्या नळीजवळ उभे राहाल तेव्हा त्यांचा विचार करा, एवढीच विनंती.

आणि घरांच्या भिंतींना जवळून बघा. उदयपूरच्या दक्षिणेला झावर नावाचं गाव आहे. मध्ययुगात तिथे जस्त गाळण्याचा मोठा उद्योग होता. जस्ताची अडचण अशी की खनिजातून ते सुटतं त्या तापमानाला त्याची वाफच होते आणि हवा लागली की ती वाफ जळून जाते. झावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराची मातीची पात्रं भरून ती उलटी लावली. धग वरून, तोंड खाली. वाफ खाली उतरायची आणि थंड होऊन गोळा व्हायची. एका भट्टीत अशी ३६ पात्रं. युरोपात जस्त गाळण्याचं पेटंट ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं घेतलं ते १७३८ मध्ये. त्याच्या कित्येक पिढ्या आधी झावरला हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होतं. वापरून झालेल्या पात्रांचे तिथे ढीगच्या ढीग आहेत, आणि लोकांनी भिंती बांधायला तीच पात्रं वापरली आहेत. विटांच्या जागी जुनी पात्रं, ओळीनं रचलेली. हे अर्ध्या तासात कसं बघून होईल?

एक सर्व्हेअरची युक्ती सांगतो. सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फिरा. डोक्यावर ऊन असलं की जमीन सपाट वाटते. तिरप्या उन्हात मात्र बुजलेले खड्डे, जुन्या रुळांच्या सपाट वाटा, डोंगराच्या अंगानं गेलेले पाण्याचे पाट सगळे सावलीनं उठून दिसतात. दोन दिवस ठेवलेत ते योग्यच केलंत.

प्रश्न : मी आणि माझे तीन मित्र जुन्या, बंद बोगद्यात आत जाऊन व्हिडिओ करायचा बेत करतो आहोत. हेल्मेट, चांगले टॉर्च, दोर सगळं आहे. बोगदा सरळ आडवा आहे, उभी विहीर नाही. आणखी काय तयारी करावी?

जाऊ नका. तयारीचा प्रश्नच येत नाही. नुसतं ‘नको’ म्हटलं तर तुम्ही जाल, म्हणून कारण नीट सांगतो.

बंद खाणीत सगळ्यात आधी हवा बिघडते. कुजणारं लाकूड, कोळसा आणि गंधकयुक्त खनिजं हवेतला प्राणवायू शोषत राहतात. मागे उरतो नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. या हवेला बहुतेक वेळा वास नसतो, रंग नसतो. नेहमीच्या हवेपेक्षा ती जड असली की सखल भागात साचते. बोगदा आडवा असला तरी तो सगळीकडे एका पातळीत नसतो. मधे कुठेतरी चार पावलांचा उतार असतो आणि तेवढा पुरतो.

जुने खाणकामगार ज्योतीचा दिवा घेऊन उतरत. प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते. माणूस त्या हवेत अजून शुद्धीवर असतो, वळून परत येऊ शकतो. म्हणजे दिवा माणसाच्या आधी मरायचा. तुमचा एलईडी टॉर्च काय करेल? तो लख्ख पेटलेला राहील. प्राणवायू दहा टक्क्यांच्या बराच खाली असेल तर माणूस काही क्षणांत कोसळतो, आणि त्याला उचलायला वाकलेला दुसराही त्याच्याच शेजारी पडतो. अशा अपघातांत वाचवायला गेलेले पुष्कळदा जातात. तुम्ही चौघं जिवलग मित्र आहात असं पत्रावरून दिसतं, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

‘काल काही मुलं जाऊन आली, त्यांना काही झालं नाही,’ असंही तुम्ही लिहिलं आहे. खाण श्वास घेते. बाहेर हवेचा दाब वाढला की ताजी हवा आत जाते. दाब उतरला, म्हणजे पाऊस-वादळ येऊ घातलं, की आतली खराब हवा तोंडाकडे येते. काल जिथे माणूस सुखरूप उभा होता तिथे आज उभं राहता येईलच असं नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. पायाखाली जमीन वाटते ती कधी कधी कुजलेल्या फळ्यांवर साचलेली माती असते आणि खाली पोकळी. साठलेल्या पाण्यात पाय घातला की विरघळलेला विषारी वायू सुटू शकतो. आणि टेकूचं लाकूड बाहेरून शाबूत दिसलं तरी आतून भुसा झालेलं असतं.

वटवाघळांचंही ऐका. बंद बोगदे त्यांची घरं झालेली आहेत. थंडीच्या देशांत ती हिवाळाभर तिथे निद्रेत असतात; एकदा जागी झाली की साठवलेली चरबी खर्ची पडते आणि वसंत येईपर्यंत पुरत नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. त्या रोगानं उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मेली आहेत, आणि ती बुरशी माणसांच्या बुटा-कपड्यांवरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते.

खाली उतरायची ओढ मी पुरती ओळखतो. ती भागवायला लोकांसाठी नीट खुल्या केलेल्या खाणी आहेत. वेल्समधल्या ब्लेनाव्हनची ‘बिग पिट’ १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये पाहुण्यांसाठी उघडली. खाणीच्या खऱ्या पिंजऱ्यातून, म्हणजे लिफ्टमधून, ९० मीटर खाली नेतात, डोक्यावर कॅप लॅम्प देतात, आणि वाट दाखवायला त्या धंद्यात राबलेली माणसं असतात. बॅटरीवर चालणारी प्रत्येक वस्तू, फोन आणि घड्याळसुद्धा, वर ठेवून जावी लागते. व्हिडिओ होणार नाही. तरी जाऊन या.

प्रश्न : सात आणि चार वर्षांच्या मुलांना घेऊन जाणार आहे. फोटोत तिथल्या ओढ्याचं पाणी केशरी दिसतं. मुलांना चमकदार दगड गोळा करायचं वेड आहे. हे सगळं सुरक्षित आहे का?

मुलांना जरूर न्या. फक्त पाणी आणि धूळ या दोन गोष्टींबाबत कडक राहा.

केशरी रंग लोखंडाचा आहे. खाणीतल्या खडकात लोह आणि गंधक असलेलं माक्षिक नावाचं खनिज असतं, तेच सोन्यासारखं चमकतं. खाण चालू असताना पंप पाणी उपसत असतात. खाण बंद झाली, पंप थांबले की पाणी वर चढतं, हवा लागलेल्या माक्षिकावरून वाहतं आणि आम्ल होऊन लोखंड विरघळवून घेतं. बाहेर उघड्यावर आल्यावर तेच लोखंड गंजासारखं तळाशी बसतं. हे शेकडो वर्षं चालू राहू शकतं. मात्र केशरी नसलेलं पाणी चांगलं, असं समजू नका. पाणी फार आम्ल असेल तर लोखंड विरघळलेलंच राहतं आणि ओढा काचेसारखा नितळ दिसतो. जस्त, कॅडमियम यांना तर रंगच नसतो. तळाशी शेवाळ, किडे, मासे काही दिसतं का ते मुलांना बघायला सांगा. काहीच नसेल तर त्यांनाच उमगेल. पाण्यात हात मात्र नको.

बारीक रेतीचे सपाट पांढरट-पिवळट पट्टे मुलांना समुद्रकिनाऱ्यासारखे वाटतात आणि ती धावत सुटतात. तिथे अजिबात सोडू नका. त्या रेतीत शिसं, आर्सेनिक, सोन्याची खाण असेल तर प्रक्रियेत वापरलेल्या सायनाइडचे अंश राहू शकतात. कोलारची सोन्याची खाण २००१ मध्ये बंद झाली, पण तिथल्या रेतीचे ढीग अजून उभे आहेत आणि वारा सुटला की त्यांची धूळ वस्तीत येते. लहान मुलं हात तोंडात घालतात आणि शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त होतो. खाण्याआधी हात साबणानं धुवा, मुक्कामी पोचल्यावर बूट दाराबाहेर ठेवा.

ढिगाऱ्यावर चढायचं नाही, हेही त्यांना गाडीतच सांगून ठेवा. २१ ऑक्टोबर १९६६ ला वेल्समधल्या अबरव्हॅन गावावर खाणीच्या टाकाऊ मालाचा एक ढिगारा घसरला. तो झऱ्यावर रचलेला होता आणि पाण्यानं आतून सैल झाला होता. शाळा नुकतीच भरली होती. ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गेली. आपण वर चढल्यानं लगेच डोंगर कोसळतो असं नाही, पण ढिगाऱ्याच्या पोटात काय चाललंय हे वरून कळत नाही.

दगडांचं म्हणाल तर गोळा करू नका, पाहा. पुष्कळ ठिकाणी ढिगारेही संरक्षित असतात, आणि शिशाचं खनिज भलतंच सुंदर चमकतं. मुलांना एक भिंग द्या आणि झाडं शोधायला लावा. जस्त-शिशाच्या विषारी मातीतही काही वनस्पती आनंदानं वाढतात. बेल्जियमच्या केल्मिस भागात जुन्या जस्त खाणींच्या जमिनीवर पिवळी रानफुलं येतात, व्हायोला कुळातली. जुने खाणकाम करणारे अशा झाडांवरून खाली काय दडलंय याचा अंदाज बांधत. सात वर्षांच्या पोराला हे नक्की आवडेल.

प्रश्न : आम्ही राहणार आहोत त्या गावातल्या काही घरांच्या भिंती कललेल्या दिसतात. तंबू ठोकावा की घरात राहावं?

घरात. आणि घर कुणी राहतं असलेलंच हवं. खालचा कोळसा किंवा खनिज काढून घेतल्यावर वरची जमीन हळूहळू बसते, त्यामुळे भिंती कलतात. राहत्या घरातल्या माणसांना आपलं घर कुठे किती बसलंय हे माहीत असतं. माळावर वाटोळा खोलगट भाग दिसला किंवा नुसतंच जुनं कुंपण घातलेला तुकडा दिसला, तर तिथे तंबू नको, गाडीही नको. मोठ्या पावसानंतर तर मुळीच नको.

नकाशावर पूर्ण विसंबू नका, हे मी नकाशे काढणारा माणूस सांगतो आहे. जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत कामगारांनी कोळसा कापता कापता शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली आणि तिथलं पाणी आत घुसलं. नकाशाप्रमाणे ती जुनी खाण तिथून लांब असायला हवी होती. त्यांच्याकडचा नकाशा अखेरचा नव्हता. अडकलेल्या नऊ जणांना ७७ तासांहून अधिक काळानंतर वर काढता आलं, नऊच्या नऊ जिवंत. आपल्याकडे धनबादजवळच्या चासनाळा कोळसा खाणीत २७ डिसेंबर १९७५ ला जुन्या पाण्यानं भरलेल्या भागातून असंच पाणी फुटलं, तेव्हा ३७५ जण गेले.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन अशा गावी जायचं आहे. तिथे अजून काही जुने खाणकामगार आहेत. त्यांना काय विचारावं? फोटो काढलेले चालतात का?

बाई, तुमच्या पत्रानं मला फार बरं वाटलं. आता या माणसांना भेटायला फार वर्षं उरलेली नाहीत.

आधी एक शरीराची गोष्ट. दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेलेली असते. सिलिकोसिसनं फुप्फुसं कडक होतात आणि ती पुन्हा बरी होत नाहीत. त्यामुळे कुणी ‘चला, मी दाखवतो’ म्हणून उठलं तर मुलींना त्यांच्या चालीनं चालायला सांगा. मधे ते थांबतील. थांबण्याचं कारण विचारू नका, तुम्हीही थांबा आणि समोर काय दिसतंय ते विचारा. बोलतानाही तसंच. वाक्य अर्ध्यावर राहिलं तर ते पुरं करायची घाई नको.

अपघाताचा विषय आपण होऊन काढायचा नाही. मुलींना वाटतं की मोठं काही विचारलं पाहिजे. उलट, छोटे प्रश्न माणसाला बोलतं करतात. पहिल्या दिवशी कोणाबरोबर उतरलात? पिंजरा सुटला तेव्हा पोटात काय झालं? दिवा कोण भरून द्यायचं? छताखाली काठीनं ठोकून आवाजावरून काय कळायचं? (घट्ट छत खणखणीत वाजतं, सुटलेलं छत बद्द वाजतं. हे मी ज्यांच्याकडून शिकलो ते लिहायला-वाचायला न येणारे होते आणि खडकाबाबत त्यांचा शब्द मी कुठल्याही अहवालापेक्षा वर ठेवायचो.) पाळी संपून वर आल्यावर पहिल्यांदा काय दिसायचं? अपघाताचं सांगायचं असेल तर ते स्वतः सांगतील.

बायकांना विचारायला विसरू नका. खाणीची गोष्ट पुरुषांचीच म्हणून सांगितली जाते, ते मला कधी पटलेलं नाही. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्यानं बायकांना, मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखालच्या कामाला बंदी झाली. याचा अर्थ त्याआधी त्या खाली होत्या, अंधारात कोळशाच्या गाड्या ओढत. त्यानंतरही वरचं काम त्यांनी केलंच. कॉर्नवॉलमध्ये बायका-मुली हातोड्यानं खनिज फोडायच्या, निवडायच्या, उघड्यावर, थंडीवाऱ्यात. आणि घरी थांबलेल्या बाईचं काय? भोंगा अवेळी वाजला की ती कुठे पळायची, कुणाकुणाबरोबर, हेही खाणीचंच ज्ञान आहे. तुमच्या मुली हे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले विचारतील.

फोटोचं सांगतो, त्याआधी स्वीडनमधल्या फालूनची एक हकिकत. १७१९ मध्ये तिथल्या तांब्याच्या खाणीत पाण्याखाली एका तरुणाचं प्रेत सापडलं, जणू नुकताच झोपलाय असं. कुणालाच ओळख पटेना. मग एक म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, हा माझा वाग्दत्त वर, मॅट्स. तो १६७७ मध्ये बेपत्ता झाला होता. खाणीतल्या क्षारांच्या पाण्यानं त्याला तसाच जपला होता, ती मात्र म्हातारी झाली होती. इथवरची गोष्ट लोक हळहळून सांगतात. पुढची सांगत नाहीत. त्या देहाचं लोकांनी प्रदर्शन केलं, आणि त्याला कायमची माती मिळाली ती १९३० मध्ये. तोवर तो पुन्हा पुन्हा बघण्याची वस्तू झाला.

म्हणून फोटो विचारून काढा, आणि वाकलेल्या पाठीचा, खरखरीत हातांचा तेवढाच तुकडा काढू नका. चेहरा काढा, खाली नाव लिहा, एक प्रत त्यांना पाठवा. पडक्या घराचा फोटो काढण्याआधी ते घर कुणाचं होतं ते विचारा. गावात स्मारक असेल तर मुलींना नावं मोठ्यानं वाचू द्या. वेल्समधल्या सेंगेनिथला १९१३ च्या स्फोटात ४३९ खाणकामगार आणि एक बचाव करणारा गेला. अशा यादीत एकाच आडनावाखाली बाप, लेक, भाऊ सापडतात. जपानच्या ओमोरी गावात, इवामी गिन्झान या चांदीच्या खाणीच्या परिसरात, खाणीत मेलेल्यांच्या आत्म्यांसाठी अठराव्या शतकात पाचशे अर्हतांच्या, म्हणजे बौद्ध संतांच्या, दगडी मूर्ती घडवल्या. प्रत्येकीचा चेहरा वेगळा आहे. खाणीचं स्मारक असं असावं असं मला वाटतं.

प्रश्न : माझे पणजोबा एका खाणीत कामाला होते एवढंच घरात माहीत आहे. त्यांचा एक पितळी बिल्ला आहे, त्यावर फक्त आकडा कोरलाय. त्या गावी जाऊन काही शोध लागेल का?

लागण्याची चांगली शक्यता आहे, आणि ती त्या बिल्ल्यामुळेच. उतरताना कामगार आपला बिल्ला देत किंवा घेत असे. पद्धत खाणीखाणीत वेगळी. पाळी संपल्यावर फळीवर ज्याचा बिल्ला जागेवर नाही तो अजून खाली आहे, हे लगेच कळायचं. स्फोट झाला की पहिली धाव त्या फळीकडे असे. म्हणजे तो आकडा तुमच्या पणजोबांच्या नावाशी कुठल्यातरी वहीत बांधलेला होता.

निघण्याआधी बिल्ल्याच्या दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर पेन्सिलीनं घासून घ्या. कोपऱ्यात खाणीची खूण किंवा अक्षर पुसट कोरलेलं असतं, ते फोटोपेक्षा ठशात स्पष्ट उमटतं. बिल्ला घासूनपुसून चकचकीत करू नका, ती खूण जाईल. गावात हजेरीच्या आणि पगाराच्या वह्या, लॅम्प रूमचं (कामगारांना दिवे द्यायच्या खोलीचं) रजिस्टर, अपघातांची नोंदवही, कामगार संघटनेची वर्गणीची पुस्तकं, दवाखान्याची आणि दफनभूमी किंवा स्मशानाची नोंद, असं एकेक विचारत जा. खाणीच्या कार्यालयातलं दफ्तर बंद होताना बहुधा जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या अभिलेखागारात जातं, तिथे आधी पत्र टाकून ठेवा. नुसतं नाव देऊ नका. एकाच नावाची माणसं भरपूर असतात. आकडा, अंदाजे वर्षं आणि ते काय काम करत हे तिन्ही द्या. काम माहीत नसेल तर घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा, ते घरी आले की अंगावर काय असायचं: कोळसा, लाल माती, तेल की ओले कपडे. त्यावरून ते खणायचे, पंपावर होते की इंजिनघरात, हे पुष्कळ अंशी सांगता येतं. उत्तर मिळालं की ते मला कळवा, आणि जमल्यास ठशाची एक प्रत पाठवा. त्यावरून खाण ओळखायचा प्रयत्न मी जरूर करीन.